एका जोडीला एक खरं वाक्य

४ मार्च

प्रिय खारू,

"इंग्रजीत साधी चूकसुद्धा करता येत नाही, ती बनवावी लागते." हे तू म्हणाली होतीस. सातवीत होतीस, ओट्यावर बसून पाय हलवत होतीस, आणि खारीसारखे दोन्ही गाल भरलेले. 'मेक अ मिस्टेक' तुला काही केल्या पटत नव्हतं. आपण चूक करतो, अंघोळ करतो, फोन करतो, लग्न करतो. एका 'करणे'वर आपला अख्खा संसार चालतो. त्यांना मात्र प्रत्येक नामाला वेगळं क्रियापद लागतं, ठरलेलं, आणि का म्हणून विचारायची सोय नाही. तेव्हा मी नुसती हसले होते. आता तुझं पत्र हातात धरून वाटतंय, तुला तेव्हाच नीट बसवून शिकवायला हवं होतं.

शीतगृहात पर्यवेक्षकाची जागा निघाली, तोंडी परीक्षा इंग्रजीत आहे आणि तू नाव दिलंस, हे ताईला वाचून दाखवलं. तुझी आई म्हणाली, "मटार गोठवायला इंग्रजी कशाला?" म्हटलं, मटार गोठवायला नाही गं, गोठवणाऱ्या मुलींवर नजर ठेवायला. तर म्हणते, "हिच्यावर नजर ठेवता ठेवता माझे डोळे गेले, आणि आता ही ठेवणार होय!" पण शेजारी सांगून आली.

तुमचे फोन फाटकावर जमा होतात हे माझ्या पथ्यावर पडलं. माझं शिकवणं कागदावरचंच आहे. दर पत्रात मी थोड्या जोड्या देईन, रोजचं क्रियापद आणि रोजचं नाम. प्रत्येक जोडीला तू एक वाक्य लिहायचं, आधी मराठीत, पाठीमागे इंग्रजीत. मी लाल पेनाने तपासून परत पाठवीन. अट एकच. वाक्य खरं हवं, तुझ्याच दिवसातलं. पुस्तकातला कुणी मुलगा रोज सकाळी फिरायला जातो, त्याचं आपल्याला काय? जे आपल्यावर गुदरलंय त्यालाच जोडी चिकटून राहते. क्लासातली पोरं या अटीवरून मला पोलीसबाई म्हणतात. म्हणू देत.

या खेपेला: टेक अ ब्रेक, होल्ड युअर ब्रेथ, मेक अ नॉइज, पे अटेन्शन, कीप अ सीक्रेट.

स्वेटर दोन घालतेस ना?

तुझी मावशी


१३ मार्च

प्रिय मावशी,

दोन स्वेटर, वर कंपनीचं जाकीट, त्यावर टोपी. आत गेलं की आम्ही सगळ्या गाद्यांच्या गुंडाळ्यांसारख्या दिसतो. लंबूच तेवढी ओळखू येते. लंबू म्हणजे माझ्या खोलीतली. आम्ही एकाच टेबलावर पाकिटं भरतो. ती इतकी उंच आहे की खोलीतला दिवा रोज तिच्या कपाळावर आपटतो आणि ती रोज त्यालाच शिव्या देते.

घे वाक्यं. सगळी खरी आहेत, पोलीसबाई.

टेक अ ब्रेक: जेवणाची सुट्टी घेतो तेव्हा आम्ही सगळ्या जणी डोळे चोळत बसतो. कुणी पाहिलं तर वाटेल, यांच्यातलं कुणीतरी गेलंय.

होल्ड युअर ब्रेथ: यंत्रघरावरून जाताना मी श्वास रोखून पळते. तिथे नाकात झिणझिण्या येतात. गारवा ज्याने होतो तो अमोनिया तिथूनच पाइपांतून फिरतो.

मेक अ नॉइज: त्यातला एक पाइप हल्ली आवाज करतो, उकळायला आलेल्या किटलीसारखा.

गिव्ह अटेन्शन: लंबूने साहेबांना ते सांगितलं. साहेबांनी लक्ष दिलं नाही.

कीप अ सीक्रेट: मागच्या दाराला बाहेरून कुलूप असतं, हे आम्ही बाहेर बोलत नाही. पाकिटं चोरीला जायची म्हणून लावलंय.

कामाची पाळी संपली की पाय उचलत नाहीत, त्यात परीक्षेची धास्ती वाटते. लंबू म्हणते, तू झोपेत इंग्रजी बडबडतेस, मी घाबरून उठते.

आईला सांग, गुडघ्याचा पट्टा काढून ठेवू नकोस.

तुझी खारू


२१ मार्च

प्रिय खारू,

शाबास. पाचांतली चार बरोबर. चुकलं ते 'अटेन्शन'चं, मी 'पे' दिलं तरी तू 'गिव्ह' केलंस. इंग्रजीत लक्ष देत नाहीत गं, पैशासारखं मोजतात: 'पे'. दहा वेळा मोठ्याने म्हण, दिवा लंबूच्या कपाळावर आपटेल त्या तालावर.

पाइपचं वाक्य मला फार आवडलं. किटलीची उपमा अगदी नेमकी. असंच लिहीत जा, डोळ्यांसमोर उभं राहतं. आणि डोळे चुरचुरतात तर थंड पाण्याने धुवावेत, चोळू नयेत. लहानपणापासून तुझी ही सवय आहे.

परीक्षेला जाताना एवढंच लक्षात ठेव, समोरचा माणूस तुझी चूक शोधायला बसलेला नसतो. तो त्याच्या जेवणाच्या वेळेची वाट बघत असतो. हे मी वीस वर्षं मुलांना सांगत आले आहे आणि स्वतः मात्र प्रत्येक परीक्षेत पोट धरून बसले.

पट्टा ताईने काढूनच ठेवला होता. तुझं पत्र वाचल्यावर निमूट बांधला. माझं ऐकत नाही, तुझ्या कागदाचं ऐकते.

नव्या जोड्या: टेक अ रिस्क, रेज द अलार्म, लूज युअर टेम्पर, डू अ फेवर, गिव्ह अ वॉर्निंग.

तुझी मावशी


९ एप्रिल

प्रिय मावशी,

पास झाले! समोर दोघे होते. एकाने विचारलं, चूक झाली तर काय करशील. मी म्हटलं, चूक कशी झाली ते बघीन. 'मेक'च म्हटलं, 'डू' नाही. टेबलाखाली मांडीला चिमटा काढत बोलत होते. आता मला पर्यवेक्षकाची निळी टोपी आहे. लंबू मला "या बाईसाहेब" म्हणते आणि दार उघडून कमरेत वाकते. मग दिवा आपटतो.

आईला एवढंच सांग. पुढचं तुझ्यासाठी.

लूज युअर टेम्पर: मी पाइपचं पुन्हा सांगितलं तर साहेब चिडले. म्हणाले, टोपी आली म्हणून अक्कल आली असं समजू नकोस.

रेज द अलार्म: वास सुटला की घंटा वाजायला हवी. ती सारखी वाजायची, काम थांबायचं, म्हणून तिची वायर काढून ठेवली आहे.

गिव्ह अ वॉर्निंग: मी नव्या मुलींना बजावलंय, ओला रुमाल जवळ ठेवा.

टेक अ रिस्क: हे मला जमलं नाही. म्हणजे काय लिहावं कळलं नाही. रोजच वाटतं ते.

डू अ फेवर: साहेबांनी मला एक काम सांगितलं, उपकार कर म्हणाले. आमचा माल घेणाऱ्या कंपनीच्या बाई पाहणीला येणार आहेत. त्यांना फक्त इंग्रजी येतं. साहेबांचं इंग्रजी लंगडं आहे, म्हणून त्यांना मी सगळीकडे फिरवायचं. काय बोलायचं ते साहेबांनी कागदावर मराठीत लिहून दिलंय, इंग्रजी मी करायचं. त्यातलं एक असं: आम्ही दर आठवड्याला सगळ्या पाइपांची तपासणी करतो.

मावशी, तपासणीला 'मेक' लागतं की 'डू'?

तुझी खारू


१५ एप्रिल

प्रिय खारू,

'डू अ चेक'. 'मेक' नाही. निळ्या टोपीबद्दल तुझी आई सगळ्या गल्लीला सांगून आली, आणि मीसुद्धा क्लासात सांगितलं, दोनदा.

इतकं लिहून पाकीट चिकटवायला घेतलं होतं. ताई म्हणाली, वाच की मला. तू नको म्हटलं होतंस, पण मला वाटलं, शेवटी धड्याचीच वाक्यं, त्यात काय. मोठ्याने वाचायला लागले. ताई दुसऱ्याच वाक्याला खुर्चीत पेंगली, आणि मी माझाच आवाज ऐकत राहिले. घंटेची वायर काढून ठेवली आहे. ओला रुमाल जवळ ठेवा. मग तुझं आधीचं पत्र काढलं. तेही मोठ्याने वाचलं, हळू. मागच्या दाराला बाहेरून कुलूप.

खारू, मी हे सगळं तपासलं होतं. लाल पेनाने. तू 'गिव्ह' लिहिलंस ते मला दिसलं आणि कुलूप दिसलं नाही. किटलीची उपमा आवडली म्हणून कळवलं मी तुला.

हे सगळं खरं आहे का? की माझ्या अटीपायी तिखटमीठ लावून लिहिलंस? तसं असेल तर मी रागावणार नाही, उलट तुझे पाय धरीन. आणि खरं असेल तर ते वाक्य त्या बाईंना सांगू नकोस. टोपी ठेव टेबलावर आणि ये. इथे क्लासात लहान मुलांना तू शिकवू शकशील.

लगेच उत्तर लिही. जोड्या हव्या तर कर: टेक अ वॉक, हॅव अ चॅट, कीप अ प्रॉमिस, मेक अ फ्रेंड. सोप्या दिल्यात.

तुझी मावशी


२८ एप्रिल

प्रिय मावशी,

तू उगाच घाबरलीस. थोडं तिखटमीठ होतंच. घंटा दुरुस्त झाली. दाराची किल्ली आता खिळ्याला टांगलेली असते. बाईंची पाहणी छान झाली. साहेब खूश आहेत.

टेक अ वॉक: आम्ही रोज संध्याकाळी फिरायला जातो.

हॅव अ चॅट: मी मैत्रिणींशी गप्पा मारते.

कीप अ प्रॉमिस: आपण दिलेला शब्द पाळावा.

मेक अ फ्रेंड: मला एक नवी मैत्रीण मिळाली.

आईला नमस्कार. काळजी नसावी.

तुझी खारू


४ मे

खारू,

तुझ्या वाक्यांत एकही चूक नाही. पाठीमागचं इंग्रजीही तपासलं. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. लाल पेन उघडून बसले होते, ते तसंच मिटलं.

तू खरं लिहितेस तेव्हा चुकतेस गं. घाईत असतेस, सांगायचं असतं, 'मेक' आणि 'डू' पायात येतात. ही वाक्यं कुणाचीही असू शकतात. यात लंबू कुठे आहे? तिचा दिवा कुठे आहे? कुठल्या मैत्रिणींशी गप्पा, कशाबद्दल? रोज संध्याकाळी कुठे फिरता तुम्ही, पाळी संपल्यावर पाय उचलत नाहीत म्हणून तूच कळवलं होतंस ना परीक्षेआधी? हा तो पुस्तकातला मुलगा आहे, ज्याला मी पहिल्याच पत्रात घराबाहेर काढला होता.

इथे चहाला आधण ठेवलं की मी शेजारी उभी राहते. आवाज करायच्या आत गॅस बंद करते. ताई विचारते, चहा कच्चा का लागतो? तिला काय सांगू?

मला चूक असलेलं पत्र पाठव. काय झालं ते लिही. ताईला वाचून दाखवणार नाही, या वेळी खरंच नाही. फाटकावरचा माणूस फोनवर नुसता "कामावर आहेत" म्हणतो. कुठल्या कामावर, जिवंत आहेत का, एवढं तरी म्हणावं त्याने.

मावशी


२३ मे

प्रिय मावशी,

हे फक्त तुला.

बाई आल्या त्या दिवशी मी त्यांना सगळीकडे फिरवलं. केस पांढरे होते, पायात साधे बूट. त्यांनी हसून माझं नाव विचारलं, मग पाइपांकडे बोट दाखवून विचारलं, यांचं काय? साहेब माझ्या मागे उभे होते. मी म्हटलं, "वी डू अ चेक एव्हरी वीक." 'डू' म्हटलं. बाई म्हणाल्या, तुझं इंग्रजी फार सुंदर आहे, कुणी शिकवलं? मी म्हटलं, माझ्या मावशीने.

त्यानंतर तुला खरं कुठल्या तोंडाने लिहिणार? म्हणून पुस्तकातून उतरवलं.

तुझं चुकांबद्दलचं पत्र आलं त्याच आठवड्यात पाइप गेला. आधी किटली, मग एकदम काहीच आवाज नाही, मग पांढरं धुकं. ते जमिनीवरून आलं, मावशी, सरपटत. डोळे उघडेनात. पुढच्या दाराकडे धुकं होतं म्हणून सगळ्या मागच्या दाराकडे धावल्या. नव्या मुली दार बडवत होत्या. कुलूप होतं. खिळा, किल्ली, काही नव्हतं, ते मी बनवून लिहिलं होतं.

वर एक खिडकी आहे. तिथे लंबूच पोचत होती. तिने खोक्यावर चढून कोपराने काच फोडली आणि एकेकीला वर ढकललं. मला ढकलताना म्हणाली, "चला बाईसाहेब, वाका जरा." स्वतः शेवटी राहिली. तिला वर घ्यायला कुणी नव्हतं, बाहेरून आम्ही हात लांब केले, पण ती जड झाली होती. मग कुणीतरी कुलूप तोडलं.

ती रुग्णालयात आहे. जगेल म्हणतात. छातीचं काही सांगत नाहीत. बोलता येत नाही, पाटीवर लिहिते. मला बघून लिहिलं, इथला दिवा उंच आहे. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून रडले.

पाइपला पट्टी मारली. घंटा तशीच, वायर काढलेली. कुलूप नवीन आणलं, आधीच्यापेक्षा मोठं. काम सुरू आहे. तव्यावर काही चर्र झालं तरी मी उठून उभी राहते. साहेबांची भीती नाही इतकी, त्या आवाजाची आहे, आणि आवाज थांबण्याची त्याहून जास्त.

बाईंच्या कानावर काहीतरी गेलंय. बारा जूनला त्या पुन्हा येणार. साहेबांनी नवा कागद दिलाय: काही घडलं नाही, एक मुलगी आजारी पडली. मी पाठ केलाय, त्यांना म्हणून दाखवलाय. पण मी तो म्हणणार नाही. मी दुसरं म्हणणार आहे, त्याच बाईंसमोर, त्याच पाइपाखाली. खोटं मी सांगितलंय, तर ते परत घ्यायचं काम माझं. त्या वेळी माझी एकही चूक व्हायला नको. अडखळले तर साहेब म्हणतील, हिला इंग्रजी येत नाही, ही काहीच्या काही बोलते. आणि बाई माझ्याऐवजी साहेबांवर विश्वास ठेवतील.

खाली वाक्यं लिहिली आहेत. तपास. लाल पेनानेच.

टेल अ लाय: मागच्या वेळी मी तुम्हाला खोटं सांगितलं.

डू अ चेक: इथे कुणीही तपासणी करत नाही.

लॉक द डोअर: मागच्या दाराला बाहेरून कुलूप लावतात. आत्ताही आहे. चला, दाखवते.

सेव्ह अ लाइफ: ज्या मुलीने आमचे जीव वाचवले ती रुग्णालयात आहे, तिला भेटा.

तुझी खारू


३० मे

माझी खारू,

तुझी वाक्यं तपासली. 'डू'च्या वाक्यात काळ चुकला होता तो दुरुस्त केलाय, आणि 'सेव्ह'च्या वाक्यात 'लाइफ' नाही, 'लाइव्ह्ज' हवं, कारण तुम्ही पुष्कळ जणी होतात. ते दुरुस्त करताना पेन टेकवून बराच वेळ बसले. बाकी सगळं बरोबर आहे. तपासलेला कागद सोबत जोडलाय. आता ही वाक्यं कुणीही खोडून काढू शकणार नाही. हे मी तुला शिक्षिका म्हणून सांगते.

आता मावशी म्हणून.

मी इथल्या कामगार कचेरीत जाऊन आले. खिडकीतला माणूस वाईट नव्हता, खुर्चीसुद्धा दिली. म्हणाला, तक्रार तिथे काम करणाऱ्यानेच करावी लागते, स्वतःच्या सहीने, आणि मग चौकशीला वेळ लागतो. किती, विचारलं, तर वर छताकडे बघितलं त्याने. मी म्हटलं, अहो, पाइप थांबेल का तोपर्यंत? तो म्हणाला, बाई, पाणी घ्या.

ताईला मी काही सांगितलेलं नाही. तिने तुझ्यासाठी निळी लोकर आणली आहे, टोपीला शोभेल असा स्वेटर विणायला. रोज माझ्या पाठीला लावून माप बघते आणि म्हणते, खारू तुझ्याहून बारीक आहे. मी पाठ ताठ ठेवून उभी राहते, म्हणजे माझा चेहरा तिला दिसत नाही.

मी भित्री आहे. तुला ते कधी कळू दिलं नाही, कारण तुझ्या घरात कुणीतरी न घाबरणारं असावं असं मला वाटायचं. सगळ्यांनी खरं बोलावं असं मी आयुष्यभर वर्गात म्हणत आले, आणि आता एकच मुलगी खरं बोलायला निघाली आहे तर मला वाटतं, दुसरी कुणी का नाही? हीच का? असं वाटणं चांगलं नाही. पण वाटतंय, आणि तुझ्याशी आता खोटं वाक्य लिहायचं नाही असं ठरवलंय.

तर एक मागते. त्या बाईंचं नाव आणि पत्ता मला पाठव. मी त्यांना लिहीन, सगळं, माझ्या सहीने. बारा जूनला त्या येतील तेव्हा मी फाटकाशी उभी राहीन. गाडीचं तिकीट बघून ठेवलंय. त्या गाडीतून उतरल्या की ही चारही वाक्यं मी म्हणेन. मला अडखळायला होणार नाही. मागच्या दारापर्यंत मीच त्यांना घेऊन जाईन, पाइपाखालून. साहेबांना ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरडू देत, मी त्यांची कुणी लागत नाही.

तू मात्र त्या दिवशी आत जाऊ नकोस. लंबूजवळ जाऊन बस, तिच्या पाटीवर काही लिही, तिला हसव.

तू म्हणशील, खोटं मी सांगितलं, खरंही मीच सांगणार. म्हणशील, नव्या मुली आत असताना मी बाहेर कशी बसू. तुझं उत्तर मला इथूनच ऐकू येतंय, आणि तू चुकीचं काही बोलत नाहीयेस. तरी मागते. तुझ्या जागी मला उभी राहू दे. त्या दिवसापुरती. नाही म्हणू नकोस, खारू.

तुझी मावशी